गाडीचा डबा

आमच्या नात्यातलं कुठलंही पोर चार दिवसांसाठी घराबाहेर पडलं की त्याच्या मागोमाग एक डबा निघायचा. पोर हौसेनं गेलेलं असो, रडत गेलेलं असो किंवा माझ्यासारखं ‘सुटले बाई एकदाची’ म्हणत गेलेलं असो, डबा त्याला गाठायचाच. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा डबा. एका अंगाला पोचा आलेला, झाकणावरून हिरव्या लुगड्याच्या काठाची पट्टी आवळलेली. पाठवणारे आमचे मामा. टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत त्यांचं घर. भाताची थोडी जमीन, भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल, दोन बैल आणि मामा. एवढाच संसार. मामी नव्हती. ती का नव्हती ते पुढे येईल. मी गोष्ट सांगायला बसले की शेवट आधीच सांगून टाकते, अशी आमच्या घरात माझ्याविषयी तक्रार आहे. म्हणून या वेळी जीभ आवरून धरली आहे.

मामांचे दोन नियम होते आणि ते दोन हातांवर सांगायचे. उजवा हात पुढे करून म्हणायचे, “भरल्याबिगर धाडायचा नाय.” मग डावा हात पाठीमागे नेऊन म्हणायचे, “नि बोलावल्याबिगर जायचा नाय.” दोन्ही नियम तसे जगाचेच आहेत. कुणाकडून आलेलं भांडं रिकामं परत करू नये, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकावी, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. न बोलावता कुणाकडे जेवायला बसू नये, हेही. पण आपण नियम पाळतो ते जमेल तसे. मामा पाळायचे ते बैल चाकोरी पाळतात तसे. समोर खड्डा दिसला तरी चाकोरी सोडायची नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे त्यांची गाठ. डब्याची पट्टी ते बैलाच्या दाव्याची गाठ मारून बांधायचे. ती गाठ ओढली की अधिक घट्ट व्हायची. दातांनी, केसांच्या आकड्यांनी, खिळ्यांनी, सगळ्यांनी तिच्यापुढे हात टेकले होते. “मामा, सुटंल अशी गाठ मारा की,” असं कुणी म्हटलं की ते गंभीरपणे सांगायचे, “सुटंल ती कसली गाठ?”

मी कॉलेजात असताना शहापूर तालुक्यातल्या एका गावात आमचं श्रमसंस्कार शिबिर लागलं होतं. बंधारा बांधायचा होता. म्हणजे गावकऱ्यांनी बांधायचा आणि आम्ही रिकामी घमेली हातात धरून फोटोला उभं राहायचं. घरापासून लांब, मैत्रिणींबरोबर, मी अगदी हवेत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी आमच्या सरांनी कर्ण्यावरून जाहीर केलं, “आपल्यातल्या एका कुमारीच्या मामांकडून सुकटीची चटणी आलेली आहे. आधी वास आला, मग डबा आला. कुमारींनी तो त्वरित घेऊन जावा, म्हणजे प्रार्थना सुरू करता येईल.”

कुमारी लाल होऊन गेल्या. गाठ सुटली नाही. शेवटी डबा आडवा धरून पट्टीतून पिळून काढावा लागला. चटणीबरोबर नाचणीचे लाडू होते, तांदळाच्या पापड्या होत्या. माझी लाज निम्म्या शिबिरानं वाटून खाल्ली. मी डबा धुतला आणि एसटीच्या गाडीबरोबर मामांना परत पाठवला. रिकामा.

दोन दिवसांनी तोच डबा तसाच रिकामा, गाठ मारलेला, माझ्यापुढे हजर. ड्रायव्हर म्हणाला, “मामांनी इचारलंय, कायतरी टाकायचं राहिलं काय?”

मला इतका राग आला की बंधाऱ्यावरची माती त्यात ठासून भरली आणि दिला धाडून. वाटलं, आता तरी समजतील. मामांनी ती माती कढीपत्त्याच्या बुडाशी घातली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवली. “शहापूरची माती. भाचीनं धाडली.” तो कढीपत्ता असा काही फोफावला की पुढची कित्येक वर्षं आमच्याकडची प्रत्येक फोडणी माझ्या त्या रागावर होत होती.

डाव्या हाताचा नियम मात्र हसण्यासारखा नव्हता, हे मला माझ्या लग्नात दिसलं. माझ्या वडिलांनी मामांना सरळगावच्या बाजारात गाठून तोंडी आमंत्रण दिलं होतं. मामा म्हणाले, “पत्रिका येऊ द्या.” पत्रिका गेली, हळदीकुंकू लावून गेली. लग्नाच्या दिवशी मामांचा पत्ता नाही. मामाशिवाय नवरीला मांडवात आणायचं कुणी? आई घाबरीघुबरी झाली. तेवढ्यात कुणीतरी सांगत आलं की मामा केव्हाचे आलेत, रस्त्यापलीकडे चिंचेखाली उभे आहेत. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, काखेत डबा.

आई धावत गेली. “अरे दादा, आत का नाय आलास?”

मामांनी खिशातून पत्रिका काढली आणि बोट ठेवून दाखवलं. “हे बघ. सहकुटुंब, सहपरिवार. मी एकला. कुटुंब कुठनं आनू?”

आई हसली नाही. तिनं त्यांचा हात धरला आणि म्हणाली, “एकला ये, दादा. मी बोलावते. एकला ये.” मग ते आले. मुहूर्त टळता टळता मला उचलल्यासारखं करून मांडवात घेऊन गेले. त्यांच्या अंगाला चुलीचा आणि वालाच्या शेंगांचा वास येत होता.

लग्नानंतर मी बदलापूरला आले. सुट्टीत मामांकडे जायचे, तेव्हा बाजाराच्या दिवशी संध्याकाळी त्यांच्याबरोबर फाट्यावर जाणं ठरलेलं असे. शहापूरहून किन्हवलीवरून येणारी गाडी थांबायची आणि ड्रायव्हर खिडकीतून डबा खाली द्यायचा. सकाळी भरून गेलेला डबा संध्याकाळी परत यायचा. घरी आल्यावर मामा परात घ्यायचे, डबा उघडायचे आणि आतली साखर परातीत ओतायचे. ओंजळभर साखर. ती पसरून ते तिच्यातून तर्जनी फिरवायचे, सावकाश, पार कडेपर्यंत. तांदूळ निवडणाऱ्या बाईचा हात फिरतो तसा.

“काय शोधता मामा?”

“मुंग्या.”

“दिसत तर नाहीत.”

“नसल्या तर बरंच हाय ना गो.”

मग ती साखर ते एका वेगळ्या बरणीत भरून ठेवायचे. चहाला साखर नसली तर गुळाचा चहा करायचे, पण त्या बरणीला हात लावायचे नाहीत. पुढच्या बाजाराला लाडू वळताना तीच साखर त्यात घालायचे. “किन्हवलीची साखर, किन्हवलीलाच जानार,” म्हणायचे.

किन्हवलीला त्यांची मुलगी होती.

मामी नव्वदच्या पावसात तापानं गेली. ओढ्याला पाणी होतं, मामा गाडी आणायला मुरबाडकडे चालत गेले आणि गाडी घेऊन आले तेव्हा गाडीचं काम उरलेलं नव्हतं. मुलगी पाच वर्षांची. मामा तिला ‘बाय’ म्हणायचे, आम्हीही तेच म्हणायचो. दिवसकार्य उरकल्यावर तिची आजी, मामीची आई, तिला किन्हवलीला घेऊन गेली. आजीच्या मनात एकच होतं, माझ्या लेकीला वेळेत नेली नाही. मामा सुरुवातीला दर आठवड्याला बायला भेटायला जायचे. तिसऱ्याचौथ्या खेपेला आजीनं त्यांना ओटीवरच सांगितलं, “तुमी आलांव की पोर दोन दिस जेवत नाय. थोडे दिस येऊ नका. आमी बोलवू.”

माणूस दुखात असला की असं बोलून जातो. दुसरा कुणी असता तर महिन्याभरानं पुन्हा जाऊन उभा राहिला असता, भांडला असता, पोरीला उचलून घेऊन आला असता. मामा थांबले. बोलावणं येईपर्यंत जायचं नाही. पण डब्याला कुणी येऊ नको म्हटलं नव्हतं. म्हणून मामीच्या लुगड्याचा काठ फाडून त्यांनी डब्याला बांधला आणि डबा जायला लागला.

माझी आई त्यांच्याशी भांडायची. “अरे बाप आहेस तू! बापाला कसलं बोलावणं?”

“त्या म्हनल्या ना, बोलवू.”

“त्या मरेपर्यंत नाय बोलावणार.”

“मंग तवर नाय जानार.”

आजी वारली ते मामांना मागाहून कळलं, आणि बोलावणं तेव्हाही आलं नाही. तोवर बाय शिकायला ठाण्याला गेली होती, आणि किन्हवलीहून डबा एकदा तसाच न उघडता परत आला. ‘ती हितं नाय.’ ठाण्याचा पत्ता कुणी दिला नाही, मामांनी मागितला नाही. त्यानंतर तो डबा फक्त आमच्यासारख्यांच्या पोरांमागेच हिंडत राहिला. बायच्या लग्नाची पत्रिका मात्र आली. सहकुटुंब, सहपरिवार. या वेळी मीच मामांना घेऊन गेले. कन्यादान बायच्या मामा-मामींनी केलं. आमचे मामा शेवटच्या रांगेत लोखंडी खुर्चीवर बसले होते. नंतर पाया पडणाऱ्यांच्या रांगेत ती जोडी त्यांच्यासमोर आली. बाय वाकली, जशी ती तिथल्या पन्नास म्हाताऱ्यांपुढे वाकली होती तशीच. मामा म्हणाले, “सुखी ऱ्हा.” आणि पुढचं काही सुचेना म्हणून पुन्हा म्हणाले, “सुखी ऱ्हा.” तोवर ती पुढच्या माणसापुढे वाकली होती.

परत येताना मामा गाडीत एकदाच बोलले. “तिला राग असंल. इतकी वर्सं डबा धाडला, पन पोरीनं एक दिस तिच्या हातचं कायतरी घातलं नाय. म्हातारीची साखरच यायची.”

परातीत फिरणारं ते बोट मला तेव्हा कळलं.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या कन्यारत्नाला उन्हाळी शिबिराला घालायचं ठरलं. तिला झाडावर चढणं, पोहणं, तंबूत झोपणं असलं सगळं शिकायचं होतं, आणि मला आठवडाभर शांत झोपायचं होतं. शिबिर शहापूरजवळच्या एका शाळेच्या आवारात. तेच निवडलं, कारण बाय आता शहापूरला शिक्षिका होती आणि शिबिरात मुलांची ताई म्हणून काम करायची. मामेबहीण तिथे आहे म्हटल्यावर मला धीर. आमचं नातं लग्नकार्यातल्या ‘बरं चाललंय ना?’ एवढंच होतं, तरी.

मधल्या रविवारी पालकांनी भेटायला यायचं होतं. आदल्या दिवशी मामा स्वतः डबा घेऊन बदलापूरला आले, ते मीच फोनवर ‘या’ म्हटलं होतं म्हणून. डबा उचलला तर हात खाली गेला.

“अहो मामा, एक पोर आहे ती. एवढं कोण खाणार?”

“तिथं मास्तरनी असतील,” मामा भिंतीकडे बघत म्हणाले. “त्यांनापन दे.”

“मामा, चला ना माझ्याबरोबर.”

“मला बोलावलंय काय?”

“पालकांना बोलावलंय.”

“मंग तू जा. तू पालक.”

शिबिराच्या फाटकावर मोठी पाटी होती, बाहेरचे खाद्यपदार्थ आत आणू नयेत. मी डबा ओढणीखाली घेतला. माझ्या बांध्याच्या बाईनं ओढणीखाली डबा लपवला तर तो लपत नाही, फक्त बाई आणखी संशयास्पद दिसते. टेबलापाशी बसलेल्या व्यवस्थापकांनी नुसतं बोट केलं. मी डबा ठेवला. आत काय आहे बघितल्याशिवाय सोडता येणार नाही, ते म्हणाले, आणि गाठीला लागले. त्यांनी ओढली. मग एका तरुण प्रशिक्षकानं ओढली, जो मुलांना दोरीच्या गाठी शिकवत होता. माझी कन्या लांबून हे बघत होती आणि ही आपली आई नव्हे असा चेहरा करून उभी होती.

“काय चाललंय?” म्हणत बाय तिथे आली. “अगंबाई, ताई, तुम्ही!” असं मला म्हणाली आणि तिचं लक्ष टेबलाकडे गेलं.

“ओढू नका,” ती म्हणाली. “ढकलायची असते.”

तिनं अंगठा गाठीवर ठेवला आणि आत ढकलला. गाठ तिच्या हातात मऊ होऊन उलगडली. प्रशिक्षक हसला. बाय हसली नाही. ती स्वतःच्या अंगठ्याकडे बघत राहिली. मग डब्याच्या पोच्यावरून तिनं हात फिरवला.

“हा गाडीचा डबा आहे,” ती म्हणाली.

“कुठल्या गाडीचा?”

तिनं मला बाजूला नेलं, डबा छातीशी धरूनच. “आमच्याकडे यायचा हा. बाजाराच्या दिवशी. आजीचं घर स्टॉपला लागूनच ना. हॉर्न वाजला की आजी म्हणायची, गाडीचा डबा आला गो, जा. मला वाटायचं, गाडीच पाठवते. शाळेत सुकडी मिळायची ना, सरकारकडून? तसंच. ज्यांना आई नाही, त्यांना सरकार एसटीनं लाडू पाठवतं.” ती हसायला गेली आणि ते तिला नीट जमलं नाही. “आणि ड्रायव्हरमामा किती चांगले, की न विसरता आणून देतात. म्हणून परत देताना मी साखरेखाली काहीतरी लपवायचे. त्यांच्यासाठी. सांगायचे, मामा, खाली आहे हां, नक्की बघा.”

“काय लपवायचीस?”

“काय असणार पोरीकडे? चिंचोके. बोरं. एकदा मोरपिसाचा डोळा. चौथीत बक्षीस मिळालं होतं, तर पेन्सिलीचे दोन तुकडे केले, एक मला, एक त्यांना. ते लगेच झाकण उघडून काढून घ्यायचे आणि खूश होऊन मोठ्ठा हॉर्न वाजवायचे. पण ताई, तुमच्याकडे कसा आला हा?”

“माझ्या मामांनी दिला. गाठही त्यांचीच.”

“कुठल्या मामांनी?”

मला सगळं एकदम कळलं होतं. मी म्हणाले, “मला एकच मामा आहेत, बाय. आणि त्यांना तुझ्याशिवाय दुसरं पोर नाही.”

तिकडे मुलांच्या नाश्त्याची घंटा झाली. मुलं ताटल्या वाजवत पळाली. बाय तिथेच उभी राहिली, बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत या पाटीखाली. मग तिनं झाकण उघडलं, एक लाडू काढला आणि खायला लागली. घाईघाईनं, लहान मूल खातं तसा. खाता खाता तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ती ते पुसत नव्हती, कारण दुसऱ्या हातात डबा होता.

“आई,” आमची कन्या येऊन म्हणाली, “डबा माझा होता ना?”

संध्याकाळी निघताना बायनं डबा माझ्याकडे दिला. वजनाला हलका, पण रिकामा नव्हता. मी तसाच दुसऱ्या दिवशी मामांच्या घरी नेला. त्यांनी गाठीकडे बघितलं आणि थबकले. गाठ दाव्याची होती. मग परात घेतली. शिबिराच्या भटारखान्यातली साखर पडली. तर्जनी फिरली, आणि अडली. साखरेतून एक चिंचोका वर आला. मग आणखी एक. मग खूपसे.

“सापडल्या का मुंग्या?” मी विचारलं.

मामांनी चिंचोके एकेक करून परातीच्या काठाशी मांडले. मग म्हणाले, “सापडल्या.”

मी त्यांना सगळं सांगितलं. ऐकून आधी ते ड्रायव्हरवर उखडले. “म्हंजे माज्या पोरीची पेन्सील तो घेऊन गेला? नि दर बाजाराला माज्याकडनं तंबाखू खायचा!” तो राग दिवसभर टिकला. ड्रायव्हर बिचारा केव्हाच निवृत्त होऊन वारला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बैलांना चारा घालताना स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “त्याचीपन पोरं होती. लिवलं असंल कुनीतरी.”

त्यानंतर मी जाईन तेव्हा तोच प्रश्न. “काय गो, आनि काय घालायची ती?” मला चार गोष्टी ठाऊक होत्या, त्या सांगून झाल्या. मग मी मनाच्या घालायला लागले. बांगडीची काच. गुलबाक्षीच्या बिया. फुटक्या पाटीचा तुकडा. मामा डोळे मिटून ऐकायचे. एकदा मी भरात येऊन मातीचा बैल सांगितला, तर डोळे न उघडताच म्हणाले, “पुढल्या येळंला बैलगाडीपन घाल. डबा मोठा हाय.” थोड्या वेळानं पुन्हा, “पन मोरपीस खरं ना?” म्हटलं, “मोरपीस खरं.” मग पुढचं काही विचारलं नाही.

आता कुणालाही वाटेल की दोघं धावत जाऊन भेटली असतील. मलाही वाटलं होतं. मी बायला म्हटलं, “जा की गं.” तर ती म्हणाली, “जाईन. पण त्यांनी कुठे बोलावलंय मला?” मी मामांना म्हटलं, “शहापूरला चला.” तर ते म्हणाले, “तिनं बोलावलं काय?” मी कपाळावर हात मारला. बापानं पोरीला वाढवलं नव्हतं, जवळ घेतलं नव्हतं, पण तो एक नियम रक्तातून बरोबर पोचला होता. बायनं एकदा निरोप धाडला, ‘या म्हणावं.’ मामांनी तो ऐकला, मान हलवली आणि म्हणाले, “कवा या, ते नाय सांगितलं.” मला वाटतं, दोघांनाही एकच भीती होती. समोरासमोर बसल्यावर बोलायचं काय?

डब्याला मात्र बोलता येत होतं. तो पुन्हा फाट्यावरून जायला लागला, आता किन्हवलीच्या पुढे, थेट शहापूरला. जाताना लाडू, पापड्या, भाजलेले वाल. येताना पुरणपोळी, कधी शाळेतल्या मुलांनी केलेला कागदाचा कंदील, कधी बायनं विणलेली कानटोपी. आणि तळाला नेहमी एक चिंचोका. कानटोपी मामांनी भर उन्हाळ्यात घातली. शेजारी हसले तर म्हणाले, “थंडी वाजतीय मला. तुमाला काय करायचंय?”

शेवटी मी मधली वाट काढली. दोघांनाही माझ्याच घरी बोलवायचं, दिवाळीत, भाऊबीजेला. दिवस ठरवून, वेळ ठरवून, म्हणजे पळवाट नको. बाय लगेच हो म्हणाली. मामांनी विचारलं, “एकल्यानं यायचं ना?”

“एकट्यानंच या, मामा.”

“पत्रिकेत तसं घाल हां.” ही त्यांची थट्टा होती. मी उशिरा ओळखली.

भात पिवळं पडायला लागलं होतं. नवरात्रात एका सकाळी मामा बांधावर बसले ते बसलेलेच राहिले. शेजारच्या माणसाला वाटलं, म्हातारा राखण करतोय.

मी पोचले तेव्हा दारात गर्दी होती आणि बाय माझ्या आधी आलेली होती. बायकांमध्ये मामांच्या पायांशी बसली होती. तिला तिथे ओळखणारं फारसं कुणी नव्हतं. एका म्हातारीनं तिला न्याहाळलं आणि विचारलं, “तू कोनाची गो? तुला कोनी बोलावली?”

“मयताला बोलावणं लागत नाही, आजी,” बाय म्हणाली.

खरंच आहे. आमच्याकडे लग्नाला पत्रिका लागते, बारशाला निरोप लागतो, मयताला काही लागत नाही. बापाच्या घरी परत यायला तिला तेवढा एकच दिवस मोकळा सापडला होता.

दिवसकार्य उरकल्यावर आम्ही दोघी घर झाडत होतो. चुलीशेजारच्या फळीवर डबा होता. राखेनं लखलखीत घासलेला, पालथा घातलेला, आणि त्याच्यावर पट्टी घडी करून ठेवलेली. म्हणजे बायकडून आलेलं मामांनी खाल्लं होतं आणि पुढच्या बाजाराला भरायचं म्हणून डबा तयार ठेवला होता. बायनं तो खाली घेतला. “हा मी नेऊ, ताई?”

“ने की. तुझाच आहे. थांब, रिकामा नको.”

मी साखर शोधायला लागले. ती किन्हवलीची बरणी बघितली. तीही घासून पालथी घातलेली. डबे उघडले, मडकी हलवली. एकट्या माणसाचं घर, आणि त्यात दहा-बारा दिवस सगळ्या गावानं तिथे चहा केलेला. एक दाणाही उरला नव्हता. मागच्या दारी कढीपत्ता होता, पण सुतकातून नुकतंच उठलेलं घर, हिरवं कसं तोडायचं? मी तशीच उभी राहिले.

“राहू दे,” बाय म्हणाली. “या वेळी रिकामाच नेते.”

तिनं रिकाम्या डब्यावर झाकण लावलं, हिरवी पट्टी दोनदा खालून घेतली आणि गाठ मारली.

फाट्यावर गाडी आली. बाय डबा घेऊन पायरीवर चढली. कंडक्टर नवा होता, पण त्या फाट्यावर डबा दिसला की काय करायचं हे त्याला ठाऊक होतं. त्यानं सवयीनं हात पुढे केला. “आना ताई इकडं, ड्रायव्हरकडं ठेवतो. कोनाला द्यायचाय?”

ठाण्याला शिकलेली, शाळेत शिकवणारी ही मुलगी. तिच्या तोंडून आमच्याकडची बोली मी कधी ऐकली नव्हती. तिनं डबा पोटाशी धरला.

“कोनाला नाय,” ती म्हणाली. “माजाच हाय.”